कायद्यातल्या तारखा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला बोलायला सांगताना एकच अट घातली होती, कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. म्हणून मी कायद्यावर बोलणार आहे. आपल्या वर्गातली वकील मंडळी पुढच्या रांगेत बसली आहेत, ती आत्ताच हसायला लागली. माझं कुठं चुकलं तर त्यांनी चहाच्या वेळी सांगावं, माईक मागू नये.

इंजिनिअर बाईचा कायद्याशी संबंध कसा आला, ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एक काम आलं. कुटुंबाच्या मालमत्तेच्या नोंदी ठेवणारी प्रणाली तयार करायची होती. त्यात एक प्रश्न अगदी साधा वाटत होता: मालक वारला, तर वारस कोण आणि कुणाचा हिस्सा किती? मला वाटलं होतं, मुलांची संख्या विचारायची आणि भागाकार करायचा. पण सल्लागार वकिलांनी जे नियम लिहून पाठवले, त्यात भागाकार कमी आणि तारखा जास्त होत्या. १७ जून १९५६. २२ जून १९९४. २० डिसेंबर २००४. ९ सप्टेंबर २००५. वडील कधी वारले, मुलीचं लग्न कधी झालं, वाटणी कधी झाली, ती नोंदणीकृत होती की तोंडी? तारीख एक दिवस मागेपुढे झाली की बाईच्या नावावर येणारी जमीन बदलत होती.

आमच्या धंद्यात जुन्या प्रोग्राममध्ये अशी एखादी विचित्र तारीख दिसली की आम्हाला कळतं, त्या दिवशी काहीतरी घडलं होतं. कुणीतरी तक्रार केली होती, कुणीतरी भांडलं होतं, आणि शेवटी एक तडजोड झाली होती. मी या तारखांच्या मागे काय घडलं ते वाचायला लागले आणि वाचता वाचता आपल्या वऱ्हाडातच येऊन पोचले.

सुरुवात अंबादेवीपासून करते, कारण त्या देवळासमोरून आपण सगळेच हजारदा गेलो आहोत. शंभर वर्षांपूर्वी त्या देवळात अस्पृश्य मानलेल्या माणसाला प्रवेश नव्हता. १९२७ साली ही बंदी उठवावी म्हणून अमरावतीत चळवळ उभी राहिली. त्यात गणेश आकाजी गवई होते, ऑक्सफर्डहून शिकून आलेले तरुण बॅरिस्टर पंजाबराव देशमुख होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये वऱ्हाडातल्या अस्पृश्य समाजाची परिषद अमरावतीत भरली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. म्हणजे मार्चमधला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि डिसेंबरमधलं मनुस्मृतीचं दहन, या दोन घटनांच्या मध्ये बाबासाहेब आपल्या गावात होते. हे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात कुणी ठळक करून सांगितलं नव्हतं.

आता यात कायदा काय करत होता, ते पाहा. तो बहुतेक वेळा रूढीच्या बाजूने उभा होता. पूर्वापार वहिवाट हाच पुरावा मानला जाई. महाडच्या तळ्यावरून स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला, तात्पुरता मनाईहुकूम मिळवला, आणि ते प्रकरण दहा वर्षं चाललं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अशी अनादी काळापासूनची वहिवाट सिद्धच झालेली नाही. म्हणजे ज्या रूढीच्या बळावर माणसाला पाणी नाकारलं जात होतं, तिला कोर्टाने पुरावा मागितला आणि तो मिळाला नाही. त्यानंतर १९४७ मध्ये आपल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला. संविधानात सतरावं कलम आलं, १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला, तो अपुरा पडला म्हणून १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. संविधान सभेत आपले पंजाबराव होते. आणि १४ मे २०२५ ला आपल्या अमरावतीचेच भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले.

या गोष्टीतून मला एक क्रम दिसला. आधी कुणाला तरी एखादी रीत अन्यायाची वाटते. मग ती व्यक्ती एकटी राहत नाही, परिषद भरते. मग कुणीतरी तळ्यावर नाही तर देवळाच्या पायरीवर जाऊन उभं राहतं आणि प्रकरण कोर्टात जातं. कायदा त्यानंतर येतो, आणि बहुतेक वेळा अर्धाच येतो. उरलेला अर्धा पुढच्या पिढीला भांडून घ्यावा लागतो. नागरिकशास्त्रात आपण विधेयकाची तीन वाचनं पाठ केली होती. पहिल्या वाचनाच्या आधी वीस-तीस वर्षं काय चालतं, ते त्या धड्यात नव्हतं.

बायकांच्या बाबतीत हा क्रम आणखी हळू चालला. त्याची एक सुरुवात आपल्या शेजारच्या बुलडाण्यात आहे. १८८१ साली सुरतेला एका तरुण विधवेवर खटला झाला. तिने आपलं नवजात मूल मारलं, असा आरोप होता. तिला आधी फाशी सुनावली गेली, पुढे शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांनी मात्र या निमित्ताने एकंदर बायकांच्याच नीतीवर झोड उठवली. ते वाचून बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या आणि १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचं नाही, तिला फसवणाऱ्या पुरुषाला काही म्हणायचं नाही, आणि शिक्षा तेवढी तिला, हा त्यांचा सवाल होता. या पुस्तकाची बाजू महात्मा फुल्यांनी घेतली. बाकी समाजाने ते इतकं विसरून टाकलं की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत फार कुणाला माहीत नव्हतं. एका बाईने निकालपत्राला उत्तर दिलं आणि ते ऐकू यायला त्र्याण्णव वर्षं लागली.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते, जमिनीकडे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी थोडीफार शेती आहे, म्हणून शेतीचंच उदाहरण घेऊ. समजा, दर्यापूर तालुक्यात कुणाची तरी बारा एकर वडिलोपार्जित जमीन आहे. घरात वडील, एक मुलगा, एक मुलगी. आई आधीच वारलेली आहे, म्हणजे हिशेब सोपा होईल. वडील वारले. मुलीला किती मिळेल?

१९५६ च्या आधी शून्य. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतः हक्क होता, आणि भाऊ असलेल्या मुलीला पोषण आणि लग्नाचा खर्च एवढंच. १९३७ साली मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नाने एक कायदा झाला, पण तो विधवेसाठी होता. तिला नवऱ्याच्या हिश्शाइतका वाटा हयातीपुरता मिळाला, विकायचा अधिकार नाही. त्यातही १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं की शेतजमीन हा प्रांतांचा विषय आहे, त्यामुळे हा कायदा शेतजमिनीला लागू नाही. ज्या देशात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेतच, तिथे शेत सोडून सगळ्यात वाटा! मग प्रांतांना वेगळे कायदे करावे लागले. मुलीचं नाव मात्र या कायद्यात नव्हतंच.

अखिल भारतीय महिला परिषद १९२७ पासून काम करत होती. १९३४ पासून तिने लावून धरलं की बायकांच्या कायदेशीर अडचणींची चौकशी करा. त्यातून पुढे राव समिती आली आणि समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा ठरला. स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल बाबासाहेबांच्या हाती आलं, तेव्हा मुलीचा वाटा मुलाइतका केला गेला आणि पुरुषांचा जन्मतः हक्कच काढून टाकायचं ठरलं. त्यावर देशभर गदारोळ झाला. कुटुंब मोडेल, जमिनीचे तुकडे पडतील, बहीण-भाऊ कोर्टात जातील, असं म्हटलं गेलं. बिल रखडलं आणि २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. त्या राजीनाम्याच्या कारणांत हे बिल होतं.

पुढे त्या एका बिलाचे चार कायदे झाले. त्यातला वारसा हक्काचा कायदा १७ जून १९५६ ला आला. ही आपली पहिली तारीख. त्यात विधवेचा हयातीपुरता वाटा पूर्ण मालकीचा झाला, ही मोठी गोष्ट होती. पण मुलाचा जन्मतः हक्क तसाच राहिला. विरोधकांचं तेवढं समाधान करावं लागलं. आता आपला बारा एकरांचा हिशेब करा. आधी वडील आणि मुलगा यांच्यात वाटणी झाली असं समजायचं, म्हणजे सहा-सहा. मग वडिलांचे सहा मुलगा आणि मुलगी यांच्यात, तीन-तीन. मुलाला नऊ एकर, मुलीला तीन. शिवाय राहत्या घरात भावांनी वाटणी करायचं ठरवेपर्यंत मुलीला वाटणी मागता येत नव्हती. शून्यापेक्षा तीन बरे. पण हे तीन एकर म्हणजे तडजोडीचा आकडा आहे, न्यायाचा नाही.

पुढची जवळजवळ वीस वर्षं या बाबतीत कायदा जागचा हलला नाही. मग राज्यं एकेक करून पुढे आली. केरळने १९७५ च्या कायद्याने जन्मतः हक्काची पद्धतच रद्द केली. आंध्र प्रदेशने १९८६ मध्ये मुलींना मुलांच्या बरोबरीने घेतलं, तामिळनाडूने १९८९ मध्ये. आपल्याकडे वेगळ्या दिशेने जोर आला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड मोठं अधिवेशन भरवलं. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली. शेतकऱ्याने स्वतःच्या हयातीत, स्वतःहून, बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. कायद्याने सांगितलेलं नसताना गावोगावच्या पुरुषांनी हे केलं, आणि मग सरकारनेही सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यासाठी परिपत्रक काढलं.

१९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केलं आणि त्याच वर्षी वारसा कायद्यात दुरुस्ती केली. ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. मित्रांनो, शाळा नुकती सुरू झाली होती आणि आपण नववीत आलो होतो. या वर्गातल्या सगळ्या मुली त्या दिवशी आपापल्या घरच्या वडिलोपार्जित मालमत्तेत भावांच्या बरोबरीच्या झाल्या. कुणी आपल्याला सांगितलं नाही. बहुधा आपल्या घरच्यांनाही माहीत नव्हतं.

आणि इथेही एक अट होती. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलीला हा हक्क नाही. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, मे महिन्यात मांडवात उभ्या राहिलेल्या मावश्या-आत्या यातून सुटल्या. एकाच घरातल्या दोन बहिणी, थोरलीचं लग्न मे १९९४ मध्ये, धाकटीचं डिसेंबरमध्ये. धाकटी वारस झाली आणि थोरलीला जुनाच कायदा राहिला. लग्न झालं म्हणजे मुलगी परकी झाली, ही समजूत कायद्याने इतकी जपून ठेवली होती.

केंद्राने हे सुधारायला २००५ साल उजाडलं. विधी आयोगाने २००० मध्ये शिफारस केली होती. दुरुस्ती विधेयक २० डिसेंबर २००४ ला राज्यसभेत मांडलं गेलं आणि ९ सप्टेंबर २००५ ला कायदा लागू झाला. लग्न झालेलं असो वा नसो, मुलगी जन्मतः मुलाइतकीच हक्कदार. राहत्या घराची अटही गेली. आता बारा एकरांचा हिशेब असा: वडील, मुलगा, मुलगी चार-चार-चार. वडिलांचे चार पुन्हा दोन-दोन. दोघांना सहा-सहा. शून्य, तीन, सहा हा प्रवास पूर्ण व्हायला १९३४ पासून मोजलं तर एकाहत्तर वर्षं लागली.

२० डिसेंबर २००४ ही तारीख मला सगळ्यात बोलकी वाटते. कायदा करणाऱ्यांना माणसं माहीत होती. विधेयक येतंय म्हटल्यावर लोक घाईघाईने वाटण्या दाखवतील, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्या दिवसानंतरची वाटणी नोंदणीकृत असेल किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली असेल तरच मानायची, असं लिहिलं. पुढे कोर्टात वेगळाच वाद निघाला, २००५ मध्ये वडील हयात असायला हवेत का? २०१५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, हवेत. २०१८ मध्ये त्याच कोर्टाचा दुसरा निकाल वेगळ्या दिशेने गेला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. टाळेबंदीच्या त्या दिवसांत ही बातमी आपल्या ग्रुपवर आली होती. तिच्यावर फक्त दोन जणींचे अंगठे आले होते, आणि मग पुन्हा काढ्याच्या कृती सुरू झाल्या.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल की कायदा हळूहळू का होईना, चांगल्याच दिशेने जातो. तसं आपोआप होत नाही. त्यासाठी एक विदर्भातलंच उदाहरण सांगते. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. त्या खटल्याला तिचंच नाव पडलं, ते मी इथे घेत नाही. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवलं, सुप्रीम कोर्टाने सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ काढला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते पत्र गाजलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, संबंध आला हे सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर कोर्टाने ते गृहीत धरायचं. पीडितेचं नाव छापायलाही तेव्हापासूनच बंदी आली. त्या मुलीला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही. तिच्यानंतरच्या बायकांना तिच्यामुळे मिळाला. चार प्राध्यापक गप्प बसले असते, तर तो निकाल आजही दाखला म्हणून वाचला गेला असता.

आणि काही ठिकाणी कायदा अजून पोचलेलाच नाही. परतवाड्याहून घाट चढून मेळघाटात गेलं की वारसा हक्काचा कायदा बदलतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागू आहे, पण केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे ज्या दुरुस्तीने अचलपूरच्या मुलीला समान वाटा दिला, तिचा धारणीच्या कोरकू मुलीला थेट उपयोग नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राला याचा विचार करायला सांगितलं. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, समानतेच्या आधारावर, आदिवासी बाईच्या वारसांना समान वाटा दिला. कायदा अजून तिथेच आहे. आपल्या मुस्लिम मैत्रिणींची गोष्ट वेगळी. त्यांच्या व्यक्तिगत कायद्यात मुलीला वाटा आधीपासून आहे, पण १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली होती. शेत दिसलं की प्रत्येक कायद्याचा पाय अडखळतो.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक गोष्ट. आपण स्वतः कमावलेला पैसा, फ्लॅट, भविष्य निर्वाह निधी. मूल आणि नवरा नसेल आणि मृत्युपत्र केलं नसेल, तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे तो आपल्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांना जातो. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर असंच प्रकरण आलं. लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झालेली, सासरहून घालवून दिलेली बाई. माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी लागली. ती वारली, तेव्हा तिने कमावलेलं सगळं त्याच सासरच्या माणसांना मिळालं. कोर्टाने सहानुभूती दाखवली, पण कलम असंच आहे म्हणाले. ते कलम आजही तसंच आहे. म्हणून मृत्युपत्र करा, ही माझी पहिली विनंती.

आता खरी अडचण सांगते. कायदा सहा-सहा एकरांवर पोचला. सातबारा पोचला का?

आपल्याकडे वडील गेले की तेरवी झाल्यावर तलाठ्याकडे वारसांची नोंद होते. त्यात बहिणींची नावं लागतात, आता ती टाळता येत नाहीत. आणि मग काही आठवड्यांत एक गाडी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाते. तिथे बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. मुद्रांक शुल्क नाममात्र, फोटो, अंगठा, झालं. येताना बहिणींना साडीचोळी. मी ज्या ज्या बाईला विचारलं, तिने जवळजवळ सारखंच उत्तर दिलं. एक काकू म्हणाल्या, “जमीन घिऊन काय करू वं माय, भावाचं दार उघडं राह्यलं पायजे.”

हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सासरी काही बिनसलं, तर तिला जायला एकच जागा आहे आणि ती जागा ती सहा एकरांना विकत घेते आहे. पण विचार करा. तिच्या नावावर सहा एकर असते, तर तिला दार उघडं ठेवण्यासाठी काही मोजावं लागलं असतं का?

भावांची बाजूही खोटी नाही. बहिणीच्या लग्नात वडिलांनी कर्ज काढलं, ते भावाने फेडलं. आईवडिलांचं म्हातारपण त्याने आणि त्याच्या बायकोने केलं. कापूस-सोयाबीनला भाव नाही, त्यात निम्मी जमीन गेली तर त्याने खायचं काय? हे सगळं खरं आहे आणि हिशेबात धरलंच पाहिजे. पण हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, तो दिला म्हणून वाटा फिटला असं होत नाही. आणि जमिनीचे तुकडे पडतात म्हणायचं, तर तीन भावांत वाटणी होतानाही पडतात. तेव्हा तुकड्यांची आठवण कुणाला येत नाही.

आपल्या भागात याची सगळ्यात कडू बाजू आपण पाहिली आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा होते. शेतकऱ्याने आत्महत्या केली की मदतीसाठी जमीन आणि कर्ज कुणाच्या नावावर ते पाहिलं जातं. जमीन सासऱ्याच्या नावावर, नवरा गेला, आणि आयुष्यभर त्या वावरात राबलेली बाई कागदावर शेतकरीच नाही. तिला बँक कर्ज देत नाही, योजनेचा अर्ज पुढे सरकत नाही. माहेरच्या जमिनीवरचा हक्क तिने तेरवीनंतर सोडलेला, सासरच्या जमिनीवर नाव चढलेलं नाही. तिच्यासाठी या सगळ्या तारखा नुसत्या कॅलेंडरच्या आहेत.

मी हे न्यायालयात किंवा सभेत न बोलता इथे का बोलते आहे? आपल्यातले बहुतेक जण पंचेचाळीस-सेहेचाळीसचे आहोत. आपले आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत, काहींचे गेले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी वारसनोंद होणार आहे. सुरुवातीला मी जो क्रम सांगितला, नाराजी, परिषद, खटला, कायदा, त्याची शेवटची पायरी निबंधकाच्या कार्यालयातली सही आहे. ती पायरी आपल्या बॅचच्या वाट्याला आली आहे. आणि १९९४ मध्ये नववीत असलेल्या मुली या हक्काच्या पहिल्या पिढीतल्या आहेत.

म्हणून आणखी दोन विनंत्या करते. भावांनो, ही गोष्ट आईवडील बसलेले असताना, दिवाळीत, सगळ्यांसमोर काढा. बहिणीला वाटा देणं शक्य नसेल तर तसं स्पष्ट बोला, मोबदला ठरवा, कागद करा. पण ती मागणार नाही, या भरवशावर राहू नका. आणि मैत्रिणींनो, हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा, तो तुमचा आहे म्हणूनच तुम्हाला सोडता येतो. पण तेरवीच्या मांडवात, डोळ्यांत पाणी असताना सही करू नका. महिनाभर थांबा. सातबारा काढा, बघा, किती एकर आहे ते स्वतः वाचा. एकदा नोंदणी झालेली सही मागे घेणं फार अवघड असतं.

आपल्या शाळेने आपल्याला एका बाकावर बसवलं, मुलामुलींना एकच पेपर दिला, एकाच पद्धतीने तपासला. गुरुजनहो, त्या वयात ते इतकं सहज वाटलं की त्याचं मोल कळलं नाही. बाहेरच्या जगात तेवढीच समानता कागदावर यायला किती वर्षं लागली, हे मला या तारखा शोधताना कळलं. त्याबद्दल तुमचे आभार मानते.

वकील मंडळींना माझ्या चुका सांगायच्या असतीलच. चहा बाहेर तयार आहे, मी तिथेच उभी असेन. ज्यांना आपल्या घरच्या तारखा घालून हिशेब करून पाहायचा आहे, त्यांनीही तिथेच या.